मोजपट्टी आणि मौन : संज्ञापनविद्येतील लेखनगणनेचा एक प्रसंग

अमेरिकी विद्यापीठांतील संज्ञापनविद्येचा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकाला सर्वस्वी परका नाही. इंग्रजी विभागातून फुटून निघालेल्या घराचा तो इतिहास आहे. १९१४ मध्ये शिकागो येथे सतरा अध्यापकांनी इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेपासून अलग होऊन सार्वजनिक भाषणाच्या अध्यापकांची स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी तिचे त्रैमासिक निघाले आणि १९२८ पासून ते ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच’ या नावाने स्थिरावले. वेगळी चूल मांडणाऱ्याला आपली पत सिद्ध करावी लागते. संशोधनलेखन हा ती सिद्ध करण्याचा मार्ग ठरला आणि कोणी किती लिहिले, या प्रश्नाचे बीजही या पतचिंतेतच रुजले.

त्या प्रश्नाला संख्यारूप मात्र बरेच उशिरा आले. बर्नार्ड बेरेल्सन यांनी १९५९ मध्ये संज्ञापन-संशोधन कोमेजत चालल्याचे जाहीर केले. ते विधान म्हणजे एका जाणकाराचा अभिप्राय होता. त्यामागे लेखांची शिरगणती नव्हती, आणि म्हणूनच विल्बर श्रॅम यांच्यासारख्यांना त्याचा प्रतिवाद करता आला. मोजणीचे गणित दुसऱ्या क्षेत्रात तयार होत होते. आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ मध्ये रसायन व पदार्थविज्ञानातील सूची तपासून असे दाखवले होते, की सुमारे साठ टक्के लेखकांच्या नावावर एकच लेख असतो आणि अधिक लिहिणाऱ्यांची संख्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. लोटका यांना लेखनाच्या वाटपाचे स्वरूप शोधायचे होते. कोणाला पहिला क्रमांक द्यावा, हा त्यांचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न १९८९ मध्ये पुढे आला. मार्क हिक्सन, डॉन स्टॅक्स आणि जोनाथन ॲम्सबेरी यांनी १९१५ ते १९८५ या सत्तर वर्षांतील विपुल लेखन करणाऱ्यांची गणना केली. रोनाल्ड मॅटलन यांनी सिद्ध केलेली नियतकालिकांची सूची हा त्यांचा आधार होता. संशोधनाची उत्पादकता मोजण्यासाठी एक मोजपट्टी हवी, हा हेतू त्यांनी लेखाच्या शीर्षकातच नोंदवला. बढती आणि नेमणूक यांचे निर्णय मर्जीवर न सोडता ते काही समान आधारावर व्हावेत, ही अपेक्षा अन्याय्य म्हणता येणार नाही. अडचण मोजण्याच्या वस्तूत आहे. सूचीत नियतकालिकांतील लेख येतात. ग्रंथ व ग्रंथांतील प्रकरणे येत नाहीत. हर्बर्ट विचेल्न्स यांच्या १९२५ च्या ज्या निबंधाने वक्तृत्वसमीक्षेला वाङ्मयसमीक्षेपासून वेगळी ओळख दिली, तो एका गौरवग्रंथात छापला गेला होता. हिटलरच्या आत्मकथनाची चिकित्सा करणारा केनेथ बर्क यांचा १९३९ चा निबंध ‘सदर्न रिव्ह्यू’ या वाङ्मयीन त्रैमासिकात आला, आणि ‘अ ऱ्हेटरिक ऑफ मोटिव्हज’ तर ग्रंथच. या ज्ञानशाखेची परिभाषा ज्यांनी घडवली, त्या लेखनाला या मोजपट्टीवर जागा नाही. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने लेखनप्रकारानुसार गुणांक ठरवून दिले, तेव्हापासून भारतीय अध्यापकालाही या भेदाची झळ ठाऊक आहे.)

१९९२ मध्ये याच तिघांनी केवळ स्त्री-अभ्यासकांची अशीच क्रमवारी प्रसिद्ध केली. हेतू गौरवाचा असेल; परंतु स्त्रियांची यादी वेगळी करणे आणि ती तीन पुरुषांनी करणे, या कृतीला स्वतःचा अर्थ होता. कॅरोल ब्लेअर, ज्युली ब्राउन आणि लेस्ली बॅक्स्टर यांनी तिची चिकित्सा लिहिली. तटस्थ भासणाऱ्या गणनेत संख्या, स्पर्धा आणि संस्थात्मक प्रतिष्ठा ही मूल्ये आधीच गृहीत धरलेली आहेत आणि ती पुरुषी आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. निनावी परीक्षकांचे त्यावरील अभिप्राय कडवट निघाले. युक्तिवादापेक्षा लेखिकांच्या स्वरावर आणि व्यावसायिक शिष्टाचारावर त्यांत ठपका होता. तेव्हा या तिघींनी ते अभिप्रायच संहिता म्हणून वाचायला घेतले. ‘डिसिप्लिनिंग द फेमिनिन’ हा निबंध १९९४ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ स्पीच’मध्ये आला, तो परीक्षकांच्या उताऱ्यांसह.

या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. परीक्षण ही विद्याव्यवहारातील सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी वाचली जाणारी लेखनकृती. मोजपट्टी छापून आलेले लेख मोजते. जे छापू दिले गेले नाही, त्याचा तिला पत्ता नसतो. एखाद्या लेखिकेच्या नावापुढील आकडा लहान दिसतो तो तिने लिहिले नाही म्हणून की लिहिलेले अडवले गेले म्हणून, हे सूचीवरून कधीच कळत नाही. या निबंधाने त्या मौनातील काही वाक्ये उजेडात आणली. परीक्षकांचे उतारे असे उघड करावेत का, हा आक्षेप गंभीर आहे. गोपनीयता दुर्बळ परीक्षकालाही संरक्षण देते. मात्र येथे परीक्षकांची नावे उघड झाली नव्हती, त्यांची भाषा तेवढी उघड झाली.

मोजणी थांबली नाही. १९९९ मध्ये हिक्सन आणि स्टॅक्स यांनी आणखी एका सहलेखिकेला किंवा सहलेखकाला घेऊन तीच गणना पुढे नेली आणि १९१५ ते १९९५ हा कालखंड तिच्या कक्षेत घेतला. १९९४ चा तो निबंधही याच कालखंडातला.