गाठोडे आणि त्याची गाठ

रायपूर शहराला लागून असलेले उरला आज कारखान्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांची तेथे दाटी आहे. भट्टीत घालण्यापूर्वी भंगार लोखंड यंत्राने दाबून त्याचे गठ्ठे करण्याची रीत या धंद्यात सर्वत्र आहे. दाबलेला डबा पूर्वी गोल होता की चौकोनी, याची चौकशी नंतर कोणी करीत नाही. त्याला वितळायचेच असते. परंतु त्याच गावातील एखाद्या घरी संगणकापुढे बसलेला मनुष्य आपली कागदपत्रे दाबून लहान करतो, तेव्हा त्याची अट नेमकी उलट असते. गठ्ठा उलगडला की प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रा जेथल्या तेथे सापडली पाहिजे. हे काम करणारी विनामूल्य साधने आज अनेक आहेत. त्यांतील कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. त्यामागचा इतिहास पाहिला म्हणजे तो तितका किरकोळ राहत नाही.

मजकुराचा संक्षेप करण्याची विद्या संगणकाबरोबर जन्माला आलेली नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्कररामाच्या नेतृत्वाखाली रतनपुरावर आले आणि छत्तीसगडात मराठी सत्तेचा प्रवेश झाला. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार केला. त्यांच्याबरोबर मराठी भाषा आणि मोडी लिपी या प्रदेशाच्या दप्तरांत आली. मोडी ही घाईची लिपी. लेखणी न उचलता ओळ पुरी करावी आणि वारंवार येणारे शब्द तोडून लिहावेत, ही तिची रीत. ‘राजमान्य राजेश्री’ हे ‘रा. रा.’ झाले. चांद्र महिन्याच्या तारखेआधी नुसता ‘छ’ आला, की तो चंद्राचा निदर्शक समजावा. बाळबोध पत्रांतही ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा सारा शिष्टाचार सामावला.

या संक्षेपात काहीही हरवत नसे. कारण लिहिणारा आणि वाचणारा या दोघांजवळ एकच अलिखित कोश होता. तो कोश जोवर दोन्ही टोकांना आहे, तोवर ‘ति.’ म्हणजे तीर्थरूप आणि ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. एका टोकाचा कोश नाहीसा झाला, की उरते ते कोडे. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शाळांतून गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल जागच्या जागी आहेत. कमी झाले ते वाचणारे. कागद शाबूत असूनही मजकूर दुरावतो, हा अनुभव मराठी माणसाला असा नवा नाही.

यंत्रयुगात याच विद्येला गणिताचा आधार मिळाला. तारायंत्राच्या लिपीत मोर्स आणि त्याचा सहकारी व्हेल यांनी इंग्रजीत सर्वाधिक येणाऱ्या अक्षराला एकच टिंब दिले आणि क्वचित येणाऱ्या अक्षरांना लांब खुणा दिल्या. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन याने संदेशातील माहिती मोजण्याचे शास्त्र मांडले आणि कोणताही मजकूर काही न गमावता किती दाबता येईल याला एक सीमा असते, हे सिद्ध केले. ती सीमा ठरली. पण तिथवर जाण्याची सुबक रीत सापडली ती एका विद्यार्थ्याला. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी १९५१ मध्ये आपल्या वर्गाला सांगितले, की परीक्षा नको असेल त्याने एक निबंध लिहावा. विषय होता सर्वांत तोकडी सांकेतिक लिपी शोधण्याचा. या प्रश्नावर स्वतः फॅनो आणि शॅनन यांनी विचार केला होता, हे त्यांनी सांगितले नाही. डेव्हिड हफमन याने निबंध पत्करला, महिनोन्‌महिने डोके शिणवले, आणि टिपणे टाकून परीक्षेच्या तयारीला लागण्याच्या बेतात असताना त्याला उत्तर सुचले. त्याची युक्ती अशी, की बांधणी वरून न करता तळापासून करावी. सर्वांत दुर्मिळ दोन अक्षरांची जोडी आधी बांधावी आणि मग वर चढत जावे. १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हफमनने तिचे पेटंट घेतले नाही. आजही जगातील बहुतेक संक्षेपसाधनांच्या पोटात ती कोठे ना कोठे आहे.

दुसरे मोठे पाऊल हैफा येथील जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ आणि १९७८ च्या दोन निबंधांत टाकले. एखाद्या जमाखर्चाच्या वहीत गावाचे आणि खातेदाराचे नाव शंभर वेळा येते. ते प्रत्येक वेळी पुरे न लिहिता, ‘एवढी अक्षरे मागे जा आणि तेथील इतकी अक्षरे उतरून घे’ एवढेच लिहिले तर? मोडीचा कारकून आपला कोश गुरूकडून घेऊन येत असे. येथे कोश त्या मजकुरातूनच तयार होतो, आणि उलगडणारा तो वाचता वाचता पुन्हा उभारतो. वेगळा कोश बरोबर पाठवावा लागत नाही.

येथून पुढे गणिताच्या कथेत मालकीचा प्रश्न शिरला. १९८४ मध्ये टेरी वेल्च याने या पद्धतीची एक सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. ती सोपी होती, म्हणून सर्वत्र पसरली. चित्रांच्या ‘जिफ’ या प्रकारातही १९८७ मध्ये तिचा उपयोग झाला. तिच्यावर पेटंट आहे याची वापरणाऱ्यांना गंधवार्ता नव्हती. ते पेटंट युनिसिस कंपनीकडे आले, आणि १९९४ च्या अखेरीस त्याबद्दल शुल्काची मागणी जाहीर झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे मोकळ्या मनाने ती पद्धत वापरली होती, त्यांना आपण परक्याच्या अंगणात घर बांधल्याचे उमगले. या धास्तीला उत्तर म्हणून दोन गोष्टी घडल्या. जाँ-लू गाय्यी आणि मार्क अॅडलर यांनी १९९२ मध्येच पेटंटपासून मुक्त असे ‘जीझिप’ निर्माण केले होते. जिफच्या जागी ‘पीएनजी’ हा चित्रप्रकार १९९६ मध्ये सिद्ध झाला. अमेरिकेतील ते पेटंट २००३ मध्ये संपले. पण तोवर जगाने धडा घेतला होता.

‘झिप’ हे घरोघरी पोचलेले नाव याच वादळी वातावरणात जन्मले. अमेरिकेतील मिल्वॉकीचा फिल कात्झ ‘आर्क’ नावाच्या प्रचलित साधनाची वेगवान आवृत्ती विकत असे. मूळ कर्त्या कंपनीने १९८८ मध्ये त्याच्यावर खटला भरला. कात्झला पैसे देऊन तडजोड करावी लागली. त्यानंतर १९८९ मध्ये त्याने ‘झिप’ हा स्वतंत्र प्रकार काढला आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली केली. खटल्यात न्यायाची बाजू सर्वस्वी त्याचीच होती असे म्हणता येत नाही. परंतु रचना खुली करण्याच्या या निर्णयामुळे झिपचे गाठोडे कोणालाही सोडता येऊ लागले. कात्झ २००० मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी मरण पावला. झिप मात्र त्याच्याविना टिकले. पुढच्याच वर्षीच्या ‘विंडोज एक्सपी’त ते घरच्या संगणकाचा भाग बनून आले.

‘विनामूल्य’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, हे या इतिहासातून स्पष्ट होते. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत उद्या मागितली जाऊ शकते. मुक्त वस्तूची रचना उघड असते आणि कर्ता गेला तरी दुसरा कोणी ती चालवू शकतो. १९९३ पासून चालत आलेला ‘रार’ हा प्रकार उलगडण्याची रीत खुली आहे, पण तो बांधण्याची रीत कर्त्याने स्वतःकडे राखली आहे. उलट इगोर पाव्हलोव्ह याने १९९९ मध्ये आणलेले ‘सेव्हन-झिप’ विनामूल्य आहे आणि मुक्तही आहे, शिवाय त्याचा दाब झिपपेक्षा सहसा अधिक असतो.

मराठी लिहिणाऱ्याला या साधनांचा विशेष लाभ होतो. आजच्या प्रचलित संकेतात देवनागरीचे प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-वेलांटी ३ बाइट जागा घेते. ‘मराठी’ हा शब्द लिहिण्यास १५ बाइट लागतात. रोमन लिपीत तेच नाव ७ बाइटांत बसते. परंतु त्या तिनांपैकी पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. ही पुनरावृत्ती संक्षेपसाधन तत्काळ ओळखते आणि मराठी मजकूर चांगलाच आटतो. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे मात्र बहुधा आधीच दाबलेली असतात. ती पुन्हा बांधल्याने जागा फारशी वाचत नाही.

मुक्त रचना म्हणजे पूर्ण सुरक्षितता, असाही समज करून घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या मुक्त संक्षेपसाधनात कोणीतरी चोरवाट बसविल्याचे उघड झाले. सहकारी म्हणून दोन वर्षे विश्वास मिळवून हे कृत्य केले गेले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका क्रियेस सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो एवढेच खटकले, आणि त्या धाग्यावरून तो मुळाशी पोचला. चोर आत शिरला तो उघड्या दारातून, आणि पकडला गेला तोही दार उघडे होते म्हणूनच.

म्हणून उरल्यातील त्या घरी निवड करताना चार टक्के जास्त दाब कोण देते हा प्रश्न दुय्यम आहे. दुसऱ्याकडे पाठवायचे असेल तर झिप, कारण ते समोरच्याला बहुधा नक्कीच उघडते. स्वतःच्या संग्रहासाठी सेव्हन-झिपसारखे मुक्त साधन, तेही मूळ कर्त्याच्या ठिकाणाहून घेतलेले. गठ्ठा बांधल्यावर तो एकदा सोडून पाहावा, आणि तसे केल्यावाचून मूळ प्रत पुसू नये. आजोबांचे दस्तऐवज, मुलांच्या गुणपत्रिका, घराचे खरेदीखत ही आता याच गाठोड्यांत जातात. पेशवे दप्तराचे रुमाल बांधणाऱ्यांनी गाठी पक्क्या मारल्या होत्या. त्या सोडून वाचणारा पुढे कोणी असेल की नाही, ही चिंता त्यांना करावी लागली नाही. आजच्या माणसाला ती करता येते, आणि साधन निवडतानाच ती करावी लागते.