बालसंरक्षण, स्वयंसेवी युवक संघटनांतील

स्वयंसेवी संघटनांच्या सहवासात येणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलामुलींचा शारीरिक, मानसिक वा लैंगिक छळ होऊ नये व झाल्यास तो दडपला जाऊ नये, यासाठी योजावयाची दक्षता आणि तद्विषयक कायदेशीर बंधने यांचा अंतर्भाव या संज्ञेत होतो. बालवीर पथके, सेवादले, क्रीडामंडळे, शिबिरे व निराधार मुलांची आश्रयगृहे ही अशा कार्याची प्रमुख रूपे होत.

महाराष्ट्रात या कार्यास जुनी परंपरा आहे. राष्ट्र सेवा दलाची उभारणी १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली झाली. देशातील बालवीर संघटनांच्या एकीकरणातून १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना निर्माण झाली. असे कार्य मुख्यत्वे विनावेतन कार्यकर्त्यांच्या बळावर चालते. त्यांच्या सेवावृत्तीवरील विश्वास हेच त्याचे भांडवल होय. तथापि त्याच विश्वासामुळे कार्यकर्त्याची पूर्वचौकशी अप्रशस्त वाटते आणि मुलाने तक्रार केल्यास संस्थेच्या लौकिकाचा विचार आधी होण्याचा धोका राहतो. मुंबई बालक अधिनियम (१९२४) व धर्मादाय गृहांच्या पर्यवेक्षणाचा केंद्रीय अधिनियम (१९६०) यांचा रोख निराश्रित व अपराधी मुले आणि निवासी संस्था यांवर होता. सायंकाळचे खेळ व शिबिरे त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

निवासी संस्थांवरील देखरेखही किती अपुरी होती, हे अँकरेज प्रकरणाने दाखवून दिले. डंकन ग्रँट या ब्रिटिश नागरिकाने रस्त्यावरील मुलांसाठी मुंबईत व रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे आश्रयगृहे चालविली होती. तेथील मुलांच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी २००१ मध्ये पुढे आल्या. ग्रँट व त्याचा सहकारी ॲलन वॉटर्स यांस सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांस दोषमुक्त केले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुलांची साक्ष विश्वासार्ह मानून मूळ शिक्षा कायम केली. पीडित मुलगे असल्याने त्या वेळी बलात्काराचे कलम लागू होत नव्हते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ चा आधार घ्यावा लागला.

ही उणीव लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम (२०१२) याने भरून काढली. मुलगा व मुलगी यांस त्यात समान संरक्षण आहे. अपराधाची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक असून, हाताखालील व्यक्तीचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. २०२० च्या नियमांन्वये मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व बालसंरक्षणविषयक प्रशिक्षण करावयाचे असते. बाल न्याय अधिनियमाखाली (२०१५) बालगृहांची नोंदणी सक्तीची आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनी सेवा मुलांस थेट मदत मागण्याचा मार्ग देते.

कर्जत तालुक्यातील भिवपुरीसारख्या डोंगरपायथ्याच्या गावी, मुंबईहून लोहमार्गाने सहज पोहोचता येत असल्याने, पावसाळी सहली व गिर्यारोहणाचे उपक्रम होतात. मुले घरापासून दूर, मुक्कामी व प्रमुखाच्या आज्ञेत असतात. तेथे दक्षतेची खरी कसोटी लागते. मुलासोबत एकाच प्रौढाने एकांतात न राहणे, निजण्याची व स्नानाची स्वतंत्र सोय, पालकांशी विनाअडथळा संपर्क आणि संघटनेबाहेरील व्यक्तीकडे तक्रार करण्याची मुभा या गोष्टी साध्या असल्या, तरी त्यांखेरीज कायदा कागदावरच राहतो.