हिंदी हेरपटांतील गीते

हिंदी हेरपटांतील गीते म्हणजे गुप्तहेरांच्या कामगिरीवर आधारित हिंदी चित्रपटांसाठी, मुख्यतः मुंबईत, रचली गेलेली गाणी व संकल्पनाधुना होत. इ.स. १९६० च्या दशकात जेम्स बाँड चित्रपटमालेच्या प्रभावातून हा चित्रपटप्रकार हिंदीत रुजला. मात्र आरंभीच्या श्रेयनामावलीवर वाजणारे एकच शीर्षकगीत ही बाँडपटांची पद्धत हिंदीत रूढ झाली नाही. येथे एकाच चित्रपटात अनेक गाणी असून त्यांतील बहुतेक कथानकाच्या ओघात येतात. या गीतांच्या जडणघडणीत लक्ष्मीकांत कुडाळकर व विजय पाटील (रामलक्ष्मण) हे मराठी संगीतकार, तसेच गोव्यातून मुंबईत आलेले वादक यांचा वाटा आहे.

पार्श्वभूमी

पहिला बाँडपट डॉ. नो १९६२ साली प्रदर्शित झाला. त्यातील संकल्पनाधून माँटी नॉर्मन यांची असून तिचे वाद्यवृंद संयोजन जॉन बॅरी यांनी केले, तर गिटार व्हिक फ्लिक यांनी वाजवली. या धुनेचे मूळ भारतीय वळणाचे आहे. व्ही. एस. नायपॉल यांच्या अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास (१९६१) या त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या कुटुंबावरील कादंबरीवरून एक संगीतिका योजली होती. ती रंगमंचावर आली नाही; तिच्यासाठी रचलेल्या एका गाण्याची चाल नॉर्मन यांनी बाँडसाठी वापरली. पुढे या धुनेचे श्रेय बॅरी यांचे असल्याचे लिहिले गेल्याने नॉर्मन यांनी संडे टाइम्स या वृत्तपत्रावर बदनामीचा दावा लावला व २००१ मध्ये लंडनच्या न्यायालयात तो जिंकला. त्यांना ३०,००० पौंड भरपाई मिळाली.

शीर्षकगीताचा साचा गोल्डफिंगर (१९६४) या चित्रपटातील शर्ली बॅसी यांच्या गीताने पक्का केला. बॅसी यांनी पुढे डायमंड्स आर फॉरएव्हर (१९७१) व मूनरेकर (१९७९) यांचीही शीर्षकगीते गायली. स्कायफॉल (२०१२) मधील ॲडेल यांचे गीत ऑस्कर मिळवणारे पहिले बाँडगीत ठरले. भारतात उदयपूर येथे चित्रित झालेल्या ऑक्टोपसी (१९८३) या चित्रपटात टेनिसपटू विजय अमृतराज यांनी साकारलेले पात्र गारुड्याच्या वेषात पुंगीवर बाँडची धून वाजवून ओळख पटवते.

इतिहास

आरंभीचा काळ

फर्ज (१९६७) हा या प्रकारातील आरंभीच्या यशस्वी हिंदी चित्रपटांपैकी एक होय. गुढाचारी ११६ (१९६६) या तेलुगू चित्रपटाच्या या पुनर्निर्मितीचे दिग्दर्शन मूळचे छायाचित्रकार असलेले रविकांत नगाइच यांनी केले. जितेंद्र यांनी त्यात एजंट ११६ ची भूमिका केली. संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे व गीते आनंद बक्षी यांची होती. मोहम्मद रफी यांनी गायलेले यातील वाढदिवसाचे गीत चित्रपटाच्या विषयापासून पूर्णपणे सुटे झाले. ते आजही वाढदिवसाच्या समारंभांत वाजते आणि मुळात ते हेरपटातील आहे हे अनेकांच्या ध्यानात नसते. रामानंद सागर यांच्या आँखें (१९६८) या हेरपटाला रवी यांचे संगीत व साहिर लुधियानवी यांची गीते होती.

एजंट विनोद व रामलक्ष्मण

राजश्री प्रॉडक्शन्सच्या एजंट विनोद (१९७७) या चित्रपटाचे दिग्दर्शन दीपक बाहरी यांनी केले असून महेंद्र संधू हे नायक होते. नागपूरचे विजय पाटील आणि त्यांचे सहकारी सुरेंद्र यांची जोडी दादा कोंडके यांनी पांडू हवालदार (१९७५) या मराठी चित्रपटासाठी निवडली होती. ‘राम-लक्ष्मण’ हे नावही कोंडके यांचेच. त्यात सुरेंद्र हे राम, तर पाटील हे लक्ष्मण होते. एजंट विनोद स्वीकारल्यानंतर लवकरच सुरेंद्र यांचे निधन झाले. पाटील यांनी हा चित्रपट व पुढील सर्व काम एकट्याने केले. परंतु श्रेयनामावलीत स्वतःचे नाव न लावता ‘रामलक्ष्मण’ हे जोडनाव अखेरपर्यंत कायम ठेवले. मैंने प्यार किया (१९८९) व हम आपके हैं कौन..! (१९९४) या राजश्रीच्याच चित्रपटांचे संगीत त्यांनी याच नावाने दिले. २०२१ मध्ये नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

डिस्कोचा काळ

नगाइच यांनी सुरक्षा (१९७९) व वारदात (१९८१) या चित्रपटांत मिथुन चक्रवर्ती यांना गनमास्टर जी-९ या हेराच्या भूमिकेत आणले. एकच हेर पुन्हा पडद्यावर आणण्याचा हा हिंदीतील आरंभीचा प्रयत्न होय. दोन्ही चित्रपटांचे संगीत बप्पी लाहिरी यांचे होते. डिस्कोचा ठेका हे त्याचे वैशिष्ट्य होते.

एकविसावे शतक

श्रीराम राघवन यांच्या एजंट विनोद (२०१२) या चित्रपटाचे १९७७ च्या चित्रपटाशी केवळ नावाचे साम्य आहे. प्रीतम यांनी संगीत दिलेले त्यातील ‘राबता’ हे संथ प्रेमगीत सलग एकाच दृश्यात चित्रित झालेल्या गोळीबारावर वाजते.

यशराज फिल्म्सची हेरपटमाला एक था टायगर (२०१२) पासून सुरू झाली. तिच्या पुढील चित्रपटांत टायगर जिंदा है (२०१७), वॉर (२०१९), पठाण (२०२३) व टायगर ३ (२०२३) यांचा समावेश होतो. या मालेत टायगर या पात्राची पार्श्वधून एका चित्रपटातून दुसऱ्या चित्रपटात येते. पठाणमध्ये टायगरचे आगमन याच धुनेने सूचित होते. बाँडच्या धुनेशी तिचे कार्य जुळते. ‘स्वॅग से स्वागत’ (टायगर जिंदा है) व ‘झूमे जो पठान’ (पठाण) ही विशाल–शेखर यांची गीते चित्रपटाच्या अखेरीस श्रेयनामावलीसोबत येतात. म्हणजे बाँडपटात आरंभी असलेले नामावलीचे गीत येथे शेवटी गेले आहे.

राझी (२०१८) या मेघना गुलजार यांच्या चित्रपटात गीत हाच कथेचा गाभा आहे. शंकर–एहसान–लॉय यांनी संगीत दिलेल्या ‘ऐ वतन’ या गीतात कोणत्याही देशाचे नाव नाही. पाकिस्तानात विवाह करून गेलेली भारतीय हेर तेथील शाळकरी मुलांना ते शिकवते. मुले ते आपल्या देशासाठी गातात, ती आपल्या. तेच शब्द दोन्ही निष्ठांना लागू पडतात. या गीतासाठी गुलजार यांना गीतलेखनाचे व अरिजित सिंग यांना गायनाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

वादक व श्रेय

हेरपटांतील क्लब व पाठलागाच्या दृश्यांना ट्रम्पेट, सॅक्सोफोन, गिटार व ड्रम यांची गरज असे. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून ही वाद्ये वाजवणाऱ्यांत गोव्याच्या कलावंतांचा मोठा भरणा होता. वादकांची, आणि अनेकदा वाद्यवृंद संयोजकांचीही, नावे श्रेयनामावलीत येत नसत. गोव्यातील माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस हे संयोजक व व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू होते; अमर अकबर अँथनी (१९७७) मधील गीतात त्यांचे नाव गुंफून लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांनी त्यांना मानवंदना दिली. बाँडच्या धुनेचे श्रेय न्यायालयात ठरले. मुंबईतील अनेक वादकांचे श्रेय मात्र अनोंदित राहिले.

हे सुद्धा पहा

• जेम्स बाँड
• लक्ष्मीकांत–प्यारेलाल
• रामलक्ष्मण
• दादा कोंडके