पासोडीची लांबी आणि यंत्राची आठवण

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. कापड कितीही मोठे असले तरी त्याला शेवट असतो. मावेल तेवढेच लिहायचे. संगणकाच्या आज्ञावली लिहायला मदत करणाऱ्या आजच्या सहायकांची गोष्ट समजून घेताना ही पासोडी फार उपयोगी पडते.

विद्यार्थी सहायकाला सांगतो, ‘टिपा मराठीत लिही, चलांची नावे मोठी ठेव.’ आठवड्याने तो न सांगताही तसेच करतो. मुले म्हणतात, ‘सर, हा मला ओळखायला लागला!’ खरेच ओळखतो का?

वापरणाऱ्याची आवड यंत्राजवळ ठेवण्याची खटपट जुनी आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीच्या सामायिक संगणकावर नेहमीच्या आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवता येत. त्या सोयीला ‘रनकॉम’ म्हणत. युनिक्समधल्या कित्येक फाइलींच्या नावाअखेरची ‘आरसी’ ही अक्षरे तिथूनच आली. इथे यंत्र काही शिकत नव्हते. माणूस लिहून ठेवी, यंत्र वाची.

१९७९ मध्ये एलेन रिच यांनी ‘ग्रंडी’ नावाच्या आज्ञावलीविषयी लिहिले. ही जणू ग्रंथपाल. वाचकाने स्वतःचे वर्णन चार शब्दांत करायचे. त्यावरून तो कोणत्या साच्यातला हे ती ठरवी आणि कादंबरी सुचवी. पुस्तक नापसंत पडले तर अंदाज बदले. आता यंत्र अनुमान करू लागले होते आणि अनुमान म्हटले की चूक आलीच.

आजच्या भाषा-प्रारूपांत हे दोन्ही प्रकार आहेत. पहिला सामुदायिक. २०२२ मध्ये ओपनएआयने प्रसिद्ध केलेल्या कामात सुमारे ४० माणसांनी उत्तरांची प्रतवारी लावली आणि त्यानुसार प्रारूपातले अंक बदलले. ही आवड सर्वांसाठी एकच, तुमची-माझी नव्हे. उत्तर देताना हे अंक सहसा बदलत नाहीत. मग आपली आवड राहते कुठे? चिठ्ठीवर! तुमच्या प्रश्नाआधी जुन्या नोंदी गुपचूप जोडल्या जातात आणि प्रारूप त्या दर वेळी पहिल्यांदाच वाचते. चॅटजीपीटीत अशी स्मृतीची सोय २०२४ मध्ये आली. आज्ञावली लिहिणाऱ्या काही सहायकांत ही चिठ्ठी कामाच्या फोल्डरमध्ये साध्या फाइलीसारखी असते. उघडा, वाचा, खोडा. काहींत ती कंपनीच्या संगणकावर राहते. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

वर्गात हे करून दाखवता येते. एका मुलाला बाहेर उभे करा. प्रत्येक प्रश्नाला नवे मूल आत बोलवा आणि आधीच्याने लिहिलेली चिठ्ठी तेवढी हातात द्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीत काय गळते, हे मुलेच सांगतील.

आता पासोडीकडे वळू. चिठ्ठी, प्रश्न, आज्ञावली आणि उत्तर, सगळे एकाच मर्यादित जागेत बसवावे लागते. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये ती जागा २०४८ तुकड्यांची होती. पुढे ती कितीतरी पटींनी वाढली. पण तुकडे कसे पडतात? यूटीएफ-८ पद्धतीत ‘शाळा’ या शब्दाला १२ बाइट लागतात, त्याच अर्थाच्या इंग्रजी शब्दाला ६. शिवाय तुकडे पाडण्याचे जुने कोष्टक मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून बनले, त्यामुळे मराठी वाक्याचे तुकडे पुष्कळच जास्त होत. नव्या प्रारूपांत ही तफावत कमी झाली आहे, संपलेली नाही. म्हणजे कापड तेच, पण मराठीत लिहिणाऱ्याला ते आखूड पडते.

आणि ग्रंडीचे दुखणे आहेच. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीने लिहिले, ‘मला फक्त उत्तर दे, कारण नको.’ सहायकाने नोंद केली: हिला कारणे आवडत नाहीत. परीक्षा संपली, सुट्टी संपली. ती नव्या वर्षी मनापासून शिकायला बसली आहे आणि समोर नुसती उत्तरे येत आहेत. चिठ्ठी अजून तिथेच आहे, आणि ती उघडून पाहायची असते हे तिला कोणी सांगितलेले नाही.