जेरघाटाचे ताट

वाचकहो, 2023 हे वर्ष आपल्या भागाने दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर छिंदवाड्यापासून वेगळे होऊन आपला पांढुर्णा जिल्हा झाला. ज्वारीचे खास वर्ष असते, हे आपल्या आजीला सांगितले असते तर तिला हसू आले असते. तिची सगळीच वर्षे ज्वारीची होती. ती ज्वारी आपल्या ताटातून कशी गेली, हाही या जिल्ह्याचा इतिहास आहे आणि तो लिहून ठेवला पाहिजे.

जुने लोक छिंदवाड्याच्या पठाराला बालाघाट म्हणत (त्या नावाचा जिल्हा वेगळा) आणि घाटाखालच्या आपल्या मुलखाला जेरघाट. वर गहू, डोंगरउतारावर गोंडांची कोदो-कुटकी, खाली काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस. घाट उतरताना बोली बदले, तसे अन्नही बदले. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तरी चुलीवर भाकरीच होती. सरहद्दीने आपले ताट बदलले नाही. ते बदलले शेताने आणि बाजाराने.

1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण तो लवकर पिके आणि परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडे. काळ्या ज्वारीला भाव नव्हता, भाकरीला चव नव्हती. धाटे बुटके म्हणून कडबाही कमी. पुढे बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, तेव्हा कडब्यासाठी ज्वारी पेरण्याचे कारणही संपले. सत्तरच्या दशकापासून मध्य प्रदेशात सोयाबीन पसरले. ते नगदी पीक. तेल कारखान्यात जाते, ढेप जनावरांना आणि कोंबड्यांना. शेतकऱ्याच्या घरात पैसा आला, पण कणगीत धान्य आले नाही. मग रेशनच्या दुकानातून गहू-तांदूळ आले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद होती. आपल्या पिशवीत मात्र गहू-तांदूळच राहिले.

ज्वारीबरोबर तिचे सोबतीही गेले. पहिल्या पावसाचा तरोटा, श्रावणातली अंबाडी, थंडीतला हुरडा, तुरीचे सोले, जवसाची चटणी, उन्हाळ्यातली आंबील. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचा अध्याय आहे, पण आपल्या आयाबायांना तो वाचावा लागला नाही. बांधावर जे उगवले ते त्यांनी शिजवले. आमच्या जैन घरात चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, कारण पावसात पानांवर सूक्ष्म जीव फार. शेजारी अंबाडी शिजे, आमच्याकडे डाळी आणि जवस. नियम वेगळे, पण दोन्ही घरे महिना बघूनच जेवत होती.

मात्र जुने ते सगळे चांगले, असे मी डॉक्टर म्हणून सांगणार नाही. मध्य प्रांताने 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ भोगले. अशा दिवसांत गरीब माणूस लाखोळीच्या डाळीवर जगे, आणि महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडत. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली गेली. लाखोळीही इथलीच होती. म्हणून केवळ स्थानिक असणे पुरेसे नाही. ताटात चार वेगवेगळ्या गोष्टी हव्यात.

आता संत्र्याकडे वळतो. नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस संत्र्याची झाडे औरंगाबादेहून आणली, असे सांगतात. आज ते आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे. काही वर्षांपूर्वी बागेत तोडणीला जाणारी एक बाई माझ्याकडे आली. धाप लागे, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या. रक्त तपासले, हिमोग्लोबिन फार कमी. मी विचारले, "बाई, संत्रे खाता का?" ती म्हणाली, "नाही जी डॉक्टरसाहेब, सर्दी होते. अन्‌ ते तर विकाचं असते." दिवसभर तिच्या हातांतून पेट्या भरत होत्या, घरी पोळी आणि चहा. तिला मी लोहाच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात पाठवले. अशा वेळी माझ्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर किंवा नुसत्या आहारावर थांबणे बरोबर नव्हते. पण तिचे ताट बदलणे हे माझे काम होते.

ही एकट्या तिची गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. धान्य आणि पालेभाजीतले लोह शरीराला सहज मिळत नाही. सोबत क जीवनसत्त्व असले तर ते अधिक मिळते, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी होते. आपल्याकडे आंबिया बहाराचे संत्रे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरते आणि नवी ज्वारीही त्याच सुमारास खळ्यावर येते. मृग बहाराचे फळ फेब्रुवारी-मार्चात येते. म्हणजे भाकरी आणि तिला अंगी लावणारे फळ एकाच मातीतून, एकाच हंगामात मिळते. ते दोन्ही आपण एका ताटात ठेवत नाही.

म्हणून आपल्याला एवढेच सांगतो. या हिवाळ्यात आठवड्यातून चार दिवस ज्वारीची भाकरी करा. सोबत डाळ किंवा सोले, एक पालेभाजी, जवसाची चटणी असू द्या. जेवणावर एक संत्रे खा. रस काढू नका, फोडी खा. चहा तासाभराने घ्या. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा. ज्यांची शेती आहे त्यांनी सोयाबीनच्या वावरात निदान घरच्यापुरती ज्वारी पेरावी. आणि बागेत तोडणीला येणाऱ्या बाईच्या डब्याशेजारी दोन संत्री ठेवावीत. ती विकण्यासाठी नाहीत, हे तिला मुद्दाम सांगावे.