दारापूर ते विधान परिषद : दादासाहेब गवई यांची वाटचाल

रामकृष्ण सूर्यभान गवई ऊर्फ दादासाहेब गवई (३० ऑक्टोबर १९२९ – २५ जुलै २०१५) हे रिपब्लिकन चळवळीतील ज्येष्ठ नेते, विधान परिषदेचे माजी सभापती आणि माजी राज्यपाल होते. अमरावती जिल्ह्यातील दारापूर हे त्यांचे जन्मगाव. नागपूरच्या दीक्षाभूमी स्मारक समितीचे अध्यक्षपदही त्यांनी दीर्घकाळ सांभाळले.

विधिमंडळातील कारकीर्द

१९६४ मध्ये ते विधान परिषदेवर गेले आणि १९९४ पर्यंत सभागृहात राहिले. परिषदेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. म्हणजे पाच मुदतींएवढा हा काळ. १९६८ ते १९७८ उपसभापती, १९७८ ते १९८२ सभापती आणि १९८६ ते १९८८ विरोधी पक्षनेते अशी पदे त्यांनी भूषवली. सभागृह चालवणे आणि सरकारला जाब विचारणे, दोन्ही कामे एकाच माणसाने केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

१९९८ चा धडा

परिषदेवर लोक थेट निवडून देत नाहीत. त्यामुळे जनतेच्या मतांची कसोटी लागली ती १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत. काँग्रेसशी युती करून गवई अमरावतीतून, प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून आणि जोगेंद्र कवाडे चिमूरमधून विजयी झाले. चारही मतदारसंघ खुले होते. वर्षभरापेक्षा थोड्या अधिक काळातच लोकसभा बरखास्त झाली. १९९९ मध्ये अमरावतीची जागा शिवसेनेकडे गेली. पुढे गवई २००० ते २००६ राज्यसभेत होते. नंतर बिहारचे आणि केरळचे राज्यपाल झाले.

मूल्यमापन

या कारकिर्दीची दुसरी बाजूही तरुणांनी पाहिली पाहिजे. १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष गटांत विभागला आणि त्यातला एक 'गवई गट' म्हणून ओळखला गेला. नेत्यांना पदे मिळाली, पण गावोगावची संघटना विस्कटली. काँग्रेसशी केलेल्या युतीने जागा मिळाल्या की स्वतंत्र ताकद गेली, हा वाद आजही संपलेला नाही.

येलदरीच्या कार्यकर्त्यांसाठी

पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाणारे येलदरी जिंतूर विधानसभा मतदारसंघात येते. परभणी जिल्ह्यातील जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी हे चारही मतदारसंघ आज खुले आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत अनुसूचित जातींना राखीव जागा मिळतात; आमदारकीसाठी मात्र इथे राखीव वाट नाही. बौद्ध उमेदवाराला सर्व समाजांची मते मिळवावी लागतील. खुल्या जागेवर ते शक्य आहे, हे १९९८ ने दाखवले. एका निवडणुकीपुरती जुळलेली मते टिकत नाहीत, हे १९९९ ने. म्हणून सुरुवात आपल्या वॉर्डातून, ग्रामसभेतून आणि मतदार यादीतून करावी लागेल.