पडद्यावरचा काळोख येतो कोठून?

शाळेत प्रोजेक्टर आला की पहिल्या काही दिवसांत एक तास हमखास आकाशदर्शनाचा होतो. खिडक्यांना पुठ्ठे लावले जातात, दार लोटले जाते, दिवे मालवले जातात आणि भिंतीवर पौर्णिमेचा भलामोठा चंद्र उगवतो. मुले आनंदाने ओरडतात. मग एखादी मुलगी विचारते, "बाई, चंद्राभोवतीचं आकाश असं राखाडी का? पुस्तकात तर काळंभोर आहे."

या प्रश्नाला बहुधा असे उत्तर मिळते, की आपले यंत्र कमी शक्तीचे आहे, जास्त प्रकाशाचे घेतले तर चित्र सुधारेल. पैसे जमवून नवे यंत्र आणले जाते. चंद्र खरोखरच अधिक तेजस्वी दिसतो. पण आकाशही तेवढ्याच पटीने उजळते आणि तक्रार राहतेच. असे का होते, हे कळायला दोनशे वर्षांचा एक इतिहास पाहावा लागतो. शिक्षकांना तो उपयोगाचा आहे, कारण त्यातून निघणारा उपाय नव्या यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

सुरुवातीलाच एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. छापखान्यात कागदावर काळी शाई लावता येते, पण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो. जेथे काळे हवे तेथे तो प्रकाश टाकायचे थांबतो, एवढेच. म्हणजे चित्रातला पांढरा भाग यंत्राचा असतो आणि काळा भाग खोलीचा. खोली जेवढी काळी, त्याहून अधिक काळे चित्र कोणत्याही यंत्राला काढता येणार नाही.

भुतांचे खेळ आणि काळी काच

प्रोजेक्टरचा पूर्वज म्हणजे जादूचा कंदील. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स याने १६५९ च्या सुमारास तो तयार केला. काचेवर रंगवलेले चित्र, मागे दिवा, पुढे भिंग अशी त्याची रचना होती. दिवा तेलाचा, त्यामुळे उजेड अगदी बेताचा. खोली पूर्ण अंधारी केल्याशिवाय चित्र दिसतच नसे.

या गरजेचा फायदा घेतला एत्येन-गास्पार रॉबेर या बेल्जियन गृहस्थाने. रॉबर्टसन या नावाने त्याने १७९८ पासून पॅरिसमध्ये भुताखेतांचे खेळ सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते कॅपुचिन साधूंच्या एका जुन्या मठात नेले. कंदील चाकांवर ठेवून पडद्याच्या मागून पुढेमागे सरकवला जाई, त्यामुळे भूत लहानाचे मोठे होत प्रेक्षकांच्या अंगावर आल्यासारखे वाटे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची युक्ती वेगळीच होती. काचेवर भुताची आकृती सोडून उरलेला सगळा भाग काळ्या रंगाने लिंपलेला असे. त्यामुळे पडद्यावर प्रकाशाचा चौकोन न दिसता केवळ आकृती दिसे आणि ती हवेत तरंगल्यासारखी वाटे. शिवाय, पडद्यावर प्रकाशच थोडा पडत असल्याने खोलीच्या भिंती उजळण्याचा प्रश्न येत नसे. रॉबर्टसनने हा विचार या शब्दांत केला असेल असे नाही, पण खोलीत कमी प्रकाश सोडला की काळोख काळा राहतो, हे त्याच्या खेळाने दाखवले.

हीच वाट पुढे आपल्याकडेही दिसते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबरासुराची माया आणि कंदील, अशा दोन कल्पना या नावात एकत्र आल्या आहेत. रामायण-महाभारतातले प्रसंग काचपट्ट्यांवर हातांनी रंगवायचे आणि एकाहून अधिक कंदील वापरून ते हलते करायचे, अशी त्यांची पद्धत होती. एका कंदिलाच्या देखाव्यावर दुसऱ्या कंदिलाचे पात्र उतरवायचे, तर पात्राभोवतीची काच काळीच हवी. नाहीतर पात्राबरोबर उजेडाचा ठिगळही देखाव्यावर पडणार. पटवर्धनांच्या मुलांनीही पुढे हे खेळ चालवले.

शेव्रलची पेटी

काळ्या रंगाचा शास्त्रीय विचार मात्र वेगळ्याच ठिकाणी सुरू झाला. पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामशाळेत रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल १८२४ साली रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळ्या सुताबद्दल तेथे तक्रार होती, की निळ्या-जांभळ्या कापडात ते फिके दिसते. शेव्रलनी तपास केला तेव्हा रंगाईत काहीच दोष सापडला नाही. शेजारच्या रंगांमुळे काळा रंग डोळ्यांना फिका भासत होता. यातून त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या प्रोजेक्टरबद्दलची तक्रारही काहीशी अशीच आहे. तेथेही वस्तूला दोष दिला जातो आणि कारण आजूबाजूला असते.

पूर्ण काळे म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी शेव्रलनी एक सोपा उपाय सांगितला. आतून काळी मखमल लावलेली बंद पेटी घ्यावी आणि तिला एक लहान छिद्र पाडावे. ते छिद्र कोणत्याही काळ्या रंगापेक्षा काळे दिसते. छिद्रातून आत गेलेला प्रकाश एका बाजूवरून दुसरीकडे आपटत राहतो, प्रत्येक वेळी त्याचा बहुतेक भाग शोषला जातो आणि परत बाहेर येण्याइतके काही उरत नाही. याचे रोजचे उदाहरण आपण सारेच पाहतो. भर दुपारी रस्त्यावरून पाहिले, तर समोरच्या घराची उघडी खिडकी काळी दिसते, मग आतल्या भिंती चुन्याने रंगवलेल्या का असेनात.

या पेटीचा मोठा उपयोग केला एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. माणसाच्या चालण्याच्या, धावण्याच्या अवस्था एकाच काचेवर एकामागून एक टिपायच्या, हे त्याचे काम. १८८२ मध्ये पॅरिसजवळ त्याला त्यासाठी खास जागा मिळाली. पांढरे कपडे घातलेला माणूस काळ्या पार्श्वभूमीपुढून धावे. पण तीच काच पुन्हा पुन्हा उघडी पडत असल्याने पार्श्वभूमीवरून थोडासा जरी उजेड आला, तरी तो साठत जाई आणि सगळे छायाचित्र धुरकट होई. तेव्हा मारेने काळ्या रंगाची भिंत सोडून दिली आणि शेव्रलच्या पेटीसारखी खोल, काळी, पुढून उघडी पडवीच बांधली. माणूस तिच्या तोंडापुढून धावे आणि मागे फक्त काळोख असे.

मखमल इतकी काळी का, याचेही उत्तर या पेटीत आहे. मखमलीचे तंतू उभे असतात. त्यांच्यामधल्या फटी म्हणजे शेव्रलच्या असंख्य बारीक पेट्याच. म्हणूनच एकाच रंगात बुडवलेले साधे कापड आणि मखमल यांत मखमल अधिक काळी दिसते.

भिंती किती प्रकाश परत देतात?

पटवर्धनांनी कल्याणला कंदील लावला, त्याच १८९२ साली इंग्लंडमध्ये विल्यम सम्पनर या विद्युत अभियंत्याने भिंतींच्या परावर्तनाची मोजमापे प्रसिद्ध केली. त्याचा हेतू उलटा होता. विजेचे दिवे तेव्हा नवे आणि महाग होते, म्हणून भिंतींच्या मदतीने खोलीत जास्तीत जास्त उजेड कसा मिळेल, हे त्याला पाहायचे होते. त्याचे आकडे असे : पांढरा टीपकागद पडलेल्या प्रकाशापैकी ८२ टक्के परत देतो, पिवळा भिंतीचा कागद ४० टक्के, निळा २५, गडद तपकिरी १३, काळे कापड १.२ आणि काळी मखमल केवळ ०.४ टक्का.

हे आकडे वरवर पाहता फरक लहान वाटतो. टीपकागद आणि तपकिरी कागद यांच्यात साधारण सहापटीचे अंतर आहे. पण प्रकाश एकदाच परावर्तित होऊन थांबत नाही. तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तेथून छतावर असा फिरत राहतो. ८२ टक्के परत देणाऱ्या भिंतींच्या खोलीत १०० भाग प्रकाश सोडला, तर पहिल्या फेरीत ८२, दुसरीत ६७, तिसरीत ५५ भाग परत येतात. वरच्या वर्गातल्या मुलांना ही भूमितीय श्रेढी ओळखता येईल. सगळ्या फेऱ्यांची बेरीज होते सुमारे ४५५. हीच बेरीज पिवळ्या भिंतींसाठी ६७, निळ्यासाठी ३३, तपकिरीसाठी १५ आणि काळ्या कापडासाठी जेमतेम १.२ येते. पडद्यावरचे काळे भाग धूसर करतो तो याच फिरत्या प्रकाशाचा पडद्यावर परतलेला अंश.

खऱ्या खोलीत खिडक्या, बाके, माणसे असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतील. पण त्यांचा कल पाहण्यासारखा आहे. पांढऱ्यावरून तपकिरीवर आलो, की फिरता प्रकाश तिसाव्या हिश्शावर येतो. म्हणजे खोली मखमलीनेच मढवायला हवी असे नाही. कोणताही गडद, चकाकी नसलेला रंग बहुतेक काम करतो.

न दिसणारे चित्रपटगृह

मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि सिनेमा आपल्या देशात आला. पुढे जी मोठी चित्रपटगृहे जगभर उभी राहिली, त्यांतली अनेक नाट्यगृहांच्या थाटाची होती. सोनेरी नक्षी, फिकट रंगाचे छत, चकाकणारे खांब यांवर पडद्याचा उजेड पडून परत फिरे. याउलट, गावच्या मैदानावर पडदा बांधून रात्री दाखवलेल्या सिनेमाला ना भिंती होत्या ना छत. अमावास्येच्या आसपास तेथला काळोख मोठ्या चित्रपटगृहालाही हेवा वाटावा असा असणार, कारण तेथे प्रकाश एकदा गेला की आभाळातून परत येत नाही.

हा विचार शेवटाला नेला तो ऑस्ट्रियन चित्रपटकार पेटर कुबेल्का याने. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली त्याच्या कल्पनेप्रमाणे 'अदृश्य चित्रपटगृह' उघडले. भिंती आणि छत काळ्या मखमलीचे, गालिचा काळा, खुर्च्या काळ्या. प्रत्येक खुर्चीला वरून टप आणि बाजूंना आडोसे होते, म्हणजे शेजारी आणि पुढची डोकीदेखील दिसू नयेत. कॅमेरा आतून काळा असतो, मग चित्रपट पाहायची खोलीही तशीच यंत्रासारखी का नसावी, असा त्याचा विचार होता. हे गृह १९७४ पर्यंत चालले. तशी चित्रपटगृहे पुढे सर्रास झाली नाहीत, पण घरी प्रोजेक्टर लावणारे हौशी लोक आज जे करतात, ते कुबेल्काच्याच वाटेने जाणारे आहे.

यंत्राचा दोष की खोलीचा?

प्रोजेक्टरच्या जाहिरातीत पांढऱ्या आणि काळ्याचे प्रमाण हजारांत दिलेले असते. ते मोजताना बहुधा आधी पूर्ण पांढरा पडदा मोजतात आणि मग पूर्ण काळा. काळा मोजताना खोलीत परावर्तित व्हायला प्रकाशच नसतो, त्यामुळे खोलीचा दोष हिशेबात येत नाही. म्हणून १९९२ च्या एका अमेरिकी मानकात वेगळी पद्धत दिली गेली. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे आठ पांढरे आणि आठ काळे चौकोन एकाच वेळी टाकायचे आणि त्यांची तुलना करायची. चुन्याच्या खोलीत ही चाचणी घेतली, तर हजारांतले प्रमाण पार कोसळते.

वर्गात यंत्रे नसली, तरी आपण हा तपास तीन पायऱ्यांत करू शकतो. खोली अंधारी करून आधी प्रोजेक्टरचे भिंग पुठ्ठ्याने झाका. आता पडद्यावर जो उजेड उरेल तो बाहेरचा, खिडक्या-दारांतून येणारा. मग पुठ्ठा काढून पूर्ण काळे चित्र लावा. जो उजेड वाढेल तो यंत्रातून झिरपणारा. शेवटी अर्धे पांढरे, अर्धे काळे चित्र लावा आणि काळ्या कागदाच्या नळीतून फक्त काळ्या भागाकडे पाहा. नळी हवीच, कारण शेजारच्या पांढऱ्यामुळे डोळा फसतो, हे शेव्रलनी दाखवलेच आहे. या पायरीवर वाढलेला उजेड मुख्यतः खोलीचा.

जास्त शक्तीच्या यंत्राने यांपैकी फक्त पहिल्या दोषावर मात होते. खोलीचा दोष तसाच राहतो, कारण यंत्राचा प्रकाश दुप्पट केला की परतणारा प्रकाशही दुप्पट होतो.

उपाय करताना क्रम लक्षात ठेवावा. पडद्याजवळचे छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचा पुढचा भाग सर्वांत आधी, कारण त्यांच्यावरून प्रकाश लगेच पडद्यावर परततो. पडद्यासमोरची, म्हणजे मुलांच्या पाठीमागची भिंत त्यानंतर. पडद्यापुढच्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकावी. पडदा ज्या भिंतीवर आहे तिचा प्रकाश पडद्याच्या तोंडावर थेट येत नाही, म्हणून ती शेवटी. तैलरंग गडद असला तरी चकाकतो, तेव्हा तो टाळावा. कोपऱ्यातल्या बाकावरून फळा का चकाकतो, हे माहीत असलेल्या शिक्षकांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

पण वर्गाच्या भिंती काळ्या करू नयेत. सम्पनरचा मूळ हिशेब विसरून चालणार नाही. ज्या पांढऱ्या भिंती चंद्राभोवतीचे आकाश बिघडवतात, त्याच ढगाळ दिवशी मागच्या बाकावरच्या वहीवर उजेड पोचवतात. म्हणून दोरीवर सरकणारे गडद पडदे बरे. तेही नसतील, तर काळी घोंगडी उत्तम. तिची खरखरीत लोकर मखमलीच्याच जातीचे काम करते. मुलांना घरून दोन-चार घोंगड्या आणायला सांगाव्या, त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना टांगाव्या आणि तोच चंद्र पुन्हा लावावा. आकाश किती बदलले, ते मुलांनीच नळीतून पाहून सांगावे. नव्या यंत्रासाठी पैसे जमवण्याआधी एवढा एक तास जरूर द्यावा.